आतून पुसलेली काच

१

माझ्या धंद्यात काच म्हणजे सगळं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम मी एकतीस वर्षं करतोय. काचेवर ओरखडा असला, बोटाचा ठसा असला, तर तो गिऱ्हाइकाच्या आधी मला दिसतो. म्हणून त्या रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ती छोटी गाडी हातात घेतली आणि तिच्या मागच्या डाव्या खिडकीवर धुरकट पट्टा दिसला, तेव्हा मला आधी राग आला. भीती वाटायला अजून वेळ होता.

गाडी म्हणजे किटमधली. खरी गाडी तिच्या चोवीस पट मोठी असते. डब्यात प्लॅस्टिकच्या जाळ्यांना लटकलेले सव्वाशे तुकडे येतात. एकेक कापायचा, घासायचा, रंगवायचा आणि चिमट्यात धरून चिकटवायचा. अशा बेचाळीस गाड्या माझ्या घरी काचेच्या कपाटात उभ्या आहेत. न उघडलेले एकोणीस डबे पलंगाखाली आहेत, ते वेगळे. लग्न केलं नाही. ताई म्हणते, "केलं असतंस तरी बायकोला तुझ्या घरात पार्किंग मिळालं नसतं."

ही त्रेचाळिसावी. फिकट निळी, चार दारांची, चौकोनी तोंडाची. बाबांच्या गाडीचं मॉडेल. बाबांनी चाळीस वर्षं साहेब लोकांच्या गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची म्हणून जी जुनी गाडी घेतली, ती ही. येत्या रविवारी बाबांना जाऊन वर्ष होणार होतं. ताईला त्यांच्या फोटोशेजारी ठेवायला ही हवी होती. "खरी तर मला बघवत नाही," ती म्हणाली होती, "छोटी चालेल."

खरी खाली अंगणात कव्हर घालून वर्षभर उभी आहे. तिची बॅटरी काढून मी गॅरेजवाल्याला देऊन टाकली. विकायचा विषय निघाला की मला नेमकं दुसरं काम निघतं.

मी चष्म्याचं मऊ फडकं घेऊन काच पुसली. डाग गेला नाही, कारण तो आतल्या बाजूला होता. भिंग डोळ्याला लावलं. काचेवर आतून पांढरट धुकं धरलं होतं आणि त्याच्या मधोमध एक लख्ख गोल होता, मोहरीच्या दाण्याएवढा. कोणीतरी बाहेर बघायला पुसावा तसा.

बॉडी मी शनिवारी संध्याकाळी बंद केली होती. तेव्हा काच स्वच्छ होती. मी तपासल्याशिवाय बंद करत नाही.

२

धुक्याचं कारण मला माहीत होतं. या छंदातली ती पहिल्या इयत्तेतली चूक आहे. इन्स्टंट ग्लूची वाफ निघते. बंद जागेत ती वाफ काचेवर बसली की काच पांढरी पडते. म्हणून काचेजवळ कोणी शहाणा माणूस इन्स्टंट ग्लू वापरत नाही, साधा पांढरा गोंद वापरतो. मी तर दुसऱ्यांना यावर व्याख्यानं दिली आहेत.

मग आठवत बसलो. मागची सीट नीट बसत नव्हती, तिच्याखाली एखादा थेंब टाकला असेन का? असेन. नसेन. शेवटी टाकलाच असेन असं मी ठरवलं, कारण नाहीतर दुसरं काही ठरवावं लागलं असतं.

पण त्या गोलाला ग्लूचं कारण पुरत नव्हतं. आम्हा लोकांना एक खोड असते: काहीही बघितलं की मनात मापाने गुणायचं. गोल एक मिलिमीटरचा. चोवीस पट केला तर चोवीस मिलिमीटर. म्हणजे अंगठ्याचं टोक.

या किटची बॉडी खालून दोन स्क्रूंनी बसते. सोमवारी कामावर जायच्या आधी मी ती उघडली. काच आतून पुसली. सीट हलवून पाहिली. तिच्याखाली पांढरा गोंदच होता, इन्स्टंटचा मागमूस नव्हता. आणि तेव्हा मागच्या डाव्या दाराची आतली बाजू दिसली. दारं या किटमध्ये उघडत नाहीत, ती बॉडीतच ओतलेली असतात. पण आतल्या अस्तरावर हँडलचा छोटा उंचवटा असतो. मी त्यावर करडा रंग दिला होता. उंचवट्याभोवतीचा रंग गेला होता. खालचं पांढरं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं, पुन्हा पुन्हा घासल्यासारखं.

चिमटा लागला असेल, मी मनाशी म्हणालो. बाकीच्या तीन दारांना लागला नव्हता.

रंगाचा हात फिरवला, बॉडी बंद केली आणि कामाला गेलो. त्या दिवशी एका बाईंच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे बसवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

३

मंगळवारी ताईचा फोन आला. ताई शाळेत गणित शिकवते आणि फोनवरही पाढे विचारल्यासारखं बोलते.

"गाडी होतेय ना रविवारपर्यंत?"

"होतेय. एक काच त्रास देतेय."

"मी सकाळी दहाला येते. आणि हे बघ, बडबड करू नकोस, पण मी गोळ्या सोडल्यात."

"कुठल्या गोळ्या?"

"बीपीच्या. दीड महिना झाला."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं की हात थरथरतात रे. मेडिकलच्या पायरीवर पाय ठेववत नाही. शेजारीण आणून द्यायची, तर घशाखाली उतरत नव्हत्या." मग नेहमीचंच वाक्य आलं, वर्षभर मी ऐकत आलेलं. "त्या दिवशी मी तुला फोन करून सांगितलं नसतं ना, की येताना बाबांच्या गोळ्या घेऊन ये, तर तू थांबलाच नसतास. एक दिवस गोळी चुकली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"तुझी काही चूक नाही, ताई," मी म्हणालो. हे वाक्यही वर्षभर मी म्हणत आलोय. ते खरंच आहे. पण पुढचं वाक्य मी म्हणत नाही, म्हणून ते तिच्या उपयोगाचं नाही.

सगळ्यांना माहीत असलेली हकीकत अशी: बाबांना डॉक्टरांकडून घरी आणताना मी मेडिकलपाशी गाडी थांबवली. अवकाळी पाऊस होता म्हणून काचा वर केलेल्या. बाबा मागे बसलेले. मेडिकलमध्ये रांग होती. परत आलो तेव्हा बाबा गेले होते. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, पाच-दहा मिनिटांचा खेळ. सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. ताईने सगळ्यात जास्त.

फोन ठेवून मी गाडीकडे पाहिलं. मागची डावी काच परत धुरकटली होती, आणि गोल आता तिळाएवढा होता.

४

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी किटच्या दुकानात गेलो. नवी काच कापायला पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा हवा होता. वर्षभरात मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. अरुंद दुकान आहे, सहा पायऱ्या चढून वर, डबे छतापर्यंत रचलेले. शेजारी मेडिकल.

"या चष्मेवाले! कुठे होतात वर्षभर?" दुकानदार म्हणाला.

"काम वाढलंय."

"निळी झाली का? एकच पीस आला होता, तुमच्यासाठी दाबून ठेवला होता मी."

"होत आली. मागची काच बिघडली."

"इन्स्टंट वापरलात?" तो हसला.

"मी?"

"नाही, गंमत केली." तो पत्रा कापायला लागला. कात्रीचा आवाज होत राहिला. "आणि बाबा कसे आहेत तुमचे? त्या दिवशी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं होतं त्यांनी. मी म्हटलं, कोण बेशिस्त माणूस आहे बाहेर. तर तुम्ही म्हणालात..."

"आठवतंय मला."

"'आमचे पिताश्री आहेत. वाजवू द्या, त्यांना घाई असतेच.'" त्याने माझी नक्कल बरी केली. "काय हसलो होतो आपण! बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

पैसे दिले आणि पत्रा घेऊन पायऱ्या उतरलो. आता खरी हकीकत लिहून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही.

मेडिकलमध्ये रांगबिंग काही नव्हती. दोन मिनिटांत गोळ्या मिळाल्या, त्या मी शर्टाच्या खिशात घातल्या. दुकानदाराचा निरोप सकाळीच आला होता की निळी आलीय. पाच मिनिटं डोकावू, म्हणून मी त्या सहा पायऱ्या चढलो.

बाबांना विसरायला होत असे. पुढे बसवलं की ते हँडब्रेक ओढायचे, चालत्या गाडीत स्टिअरिंगला हात घालायचे. चाळीस वर्षांची सवय हातातून जात नव्हती. म्हणून त्यांना मागे बसवायचो आणि मागच्या दारांना मी चाइल्ड लॉक लावलं होतं. आतून कितीही हँडल ओढलं तरी दार उघडत नाही. ते लॉक लावताना मी स्वतःवर खूश होतो.

आणि त्यांचा हॉर्न. दोन छोटे, एक लांब. लहानपणी ते ड्युटीवरून आले की गल्लीच्या तोंडाशी तसाच वाजवायचे आणि आई फाटक उघडायला धावायची. बाबांशिवाय जगात कोणी तसा हॉर्न वाजवत नव्हतं. पुढच्या दोन सीटच्या मधून वाकून, हात लांब करून त्यांनी तो वाजवला असणार. मी डब्याचं झाकण उघडून क्रोमचे तुकडे बघत होतो. मला पहिल्याच वेळी कळलं की हे बाबा आहेत. कानाडोळा केला. बसू दे जरा, वर्षभर माझं डोकं खातायत, आज मला माझं काही बघू दे, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार मला शब्द न् शब्द आठवतो.

पहिल्या हॉर्नपासून गाडीपाशी पोहोचेपर्यंत बावीस मिनिटं. पावसात बंद गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. मागच्या डाव्या काचेवर हाताने पुसलेला गोल होता. माझ्या बगलेत डबा होता आणि खिशात गोळ्या. गाडी दवाखान्याकडे पळवण्याआधी मी तो डबा डिकीत टाकला. आधी डबा टाकला.

५

नवी काच मी शुक्रवारी कापून बसवली, फक्त पांढऱ्या गोंदाने. रात्रभर पंख्याखाली बॉडी उघडी ठेवली. शनिवारी सकाळी भिंगातून तपासली. आतबाहेर लख्ख. हँडलवर नवा रंग. दोन्ही स्क्रू आवळले, गाडी टेबलावर ठेवली आणि ब्रश धुवायला स्वयंपाकघरात आलो. बाहेर स्वच्छ ऊन होतं. समोरच्या बाल्कनीत कोणी गाद्या झटकत होतं.

नळ चालू होता, तेव्हा ऐकू आलं. फार बारीक, डासाचा आवाज उशीतून यावा तसं. दोन छोटे, एक लांब.

मी नळ बंद केला. फ्रिज घुमत होता. गाद्या झटकल्याचा धप्प आवाज. रस्त्यावरचं कोणीतरी असेल. कोणाच्या पोराचं खेळणं असेल. कान वाजत असतील, माझं वय काही कमी नाही.

परत आला. रस्त्यावरून येत नव्हता. माझ्या मागच्या खोलीतून येत होता, टेबलाकडून.

स्वयंपाकघर ते टेबल सात पावलं आहेत. मी काय केलं ते सांगतो. मी नळ पुन्हा चालू केला. धुतलेला ब्रश परत धुवायला घेतला. केसांमधून स्वच्छ पाणी येत होतं आणि मी घासत होतो. तिसरा वाजला. चौथा. मी जात नव्हतो. पाय जड झाले होते असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. पाय चांगले होते. आत्ता जातो, हा ब्रश झाला की जातो, असं म्हणत मी उभा होतो. पाचवा, सहावा. प्रत्येकाच्या मधलं अंतर वाढत गेलं. सातवा. आठवा खूप वेळाने आला.

नवव्याचे दोन छोटे वाजले. लांब वाजला नाही.

त्या दिवशीही नववा अर्धाच राहिला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दुकानदारालाही ते माहीत असणार नाही, तो हसत होता. मी मोजत होतो.

मग गेलो. चारही काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. मागच्या डाव्या काचेवर पुसलेली जागा होती, चार मिलिमीटर रुंद, आणि खालच्या कडेला तिचा ओघळ ओढला गेला होता, हात घसरत खाली गेल्यासारखा. चार गुणिले चोवीस. तळहात.

आत बघायला मी भिंग उचललं, आणि परत खाली ठेवलं.

६

ताई रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना आली. जिना चढून तिला दम लागला होता, ओठ फिके दिसत होते. खुर्चीत बसून ती आधी पाणी प्यायली, मग तिने हात पुढे केला.

"बघू."

रात्रभर मी बहाणे जुळवले होते. गाडी पडली, रंग बिघडला, पुढच्या महिन्यात देतो. एकही तोंडातून बाहेर आला नाही. मी गाडी तिच्या तळहातावर ठेवली.

ती बराच वेळ बघत राहिली. बंपरवरचा पोचा मी केला होता, मागच्या काचेपाशी ठेवलेला बाबांचा चष्म्याचा डबाही. तिने टपावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरले.

"हुबेहूब आहे रे. काचा मात्र अशा का केल्यास?"

"झाल्या."

"त्या दिवशी अशाच झाल्या होत्या ना? तूच सांगितलं होतंस. आतलं दिसत नव्हतं म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाला कळलं नाही." तिने नाक पुसलं. "मी तो फोन केला नसता तर..."

"ताई, रांग नव्हती."

"काय?"

"मेडिकलमध्ये. रांग नव्हती. दोन मिनिटांत गोळ्या मिळाल्या. मी शेजारच्या दुकानात गेलो. ही गाडी घ्यायला. हीच, तुझ्या हातात आहे ती."

एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं भराभर बाहेर आलं. सहा पायऱ्या, क्रोमचे तुकडे, चाइल्ड लॉक. हॉर्नचंही सांगितलं. ताई हलली नाही. वर्गात कोणी गणित चुकवलं की ती अशी बघत असेल, शेवटच्या पायरीपर्यंत न टोकता.

"गोळ्या कुठे होत्या?"

"खिशात."

"त्यांचा हॉर्न तू ओळखलास."

"हो."

"किती वेळा वाजवला?"

मी तिच्याकडे पाहिलं. ओठ फिके, एका हाताने टेबलाची कड धरलेली. तिला किती सोसेल याचा विचार मी केला, असं मला म्हणता येईल. खरं म्हणजे मला किती सोसेल याचा केला.

"दोनदा," मी म्हणालो.

तिने गाडी टेबलावर ठेवली, चाकांचा आवाज न होऊ देता. पर्स उचलली. दाराशी जाऊन थांबली, पण वळली नाही.

"त्या संध्याकाळी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होतास. मी तुझी समजूत घालत होते. रात्री घरी जाऊन मी आरशात बघून स्वतःला शिव्या दिल्या. वर्षभर देतेय."

"ताई..."

"नको," ती म्हणाली आणि जिना उतरली. गाडी तिने नेली नाही.

७

खिडकीतून मला ती रस्ता ओलांडून कोपऱ्याकडे जाताना दिसली. मागे वळून बघितलं नाही. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला हलकं वाटलं. भूकही लागली. सांगून झालं होतं. दोनदा काय आणि नऊ वेळा काय, मुद्दा तोच, असं मी स्वतःला समजावलं.

तेव्हा खाली अंगणात हॉर्न वाजला. बारीक नाही, चांगला भरघोस, थोडा घोगरा. आमच्या गाडीचा. दोन छोटे, एक लांब.

अंगणात एकच गाडी होती, कव्हर घातलेली. बॅटरी नसलेली गाडी वाजत नाही, हे मला ठाऊक आहे. खालचा शेजारी दाराशी वर्तमानपत्र वाचत बसला होता, त्याने पान उलटलं. मान वर केली नाही.

दुसरा वाजला. मी खिडकीचा गज धरून उभा होतो. कोपऱ्यावर ताई दिसेनाशी झाली होती. तिसरा. माझ्याच्याने जाववेना, अगदी कालच्यासारखं, अगदी वर्षापूर्वीसारखं. आत्ता जातो, असं मनात आलं, आणि ते शब्द आल्याबरोबर मला स्वतःची शिसारी आली. खुंटीवरची किल्ली ओढून मी जिन्यात धावलो.

अंगणात पोहोचेपर्यंत सातवा होऊन गेला होता. कव्हरवर वर्षाची धूळ होती. गाठी सुटेनात, मी त्या ओढून तोडल्या. आठवा वाजला तेव्हा पत्र्याला हाताखाली कंप जाणवला. कव्हर मागच्या बाजूने वर केलं.

ऊन कडक होतं, चार महिन्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. काच आतून धुरकटलेली होती, ओली, थेंब ओघळत होते. मधोमध तळहाताएवढी जागा पुसलेली होती. तिच्यामागे काहीतरी फिकट होतं, आणि ते माझ्याकडे वळत होतं, म्हातारी माणसं मान वळवतात तसं, सावकाश, खांद्यासकट.

नववा सुरू झाला. एक छोटा. दुसरा छोटा.

कुलपात किल्ली फिरवून मी दार ओढलं.

आत मी पाहिलं नाही. मान खाली घातली होती. ओली, कोंडलेली, गरम हवा तोंडावर आली, तिला बाबांच्या डोकेदुखीच्या बामचा वास होता. मी एका हाताने दार धरलं आणि दुसरा हात वर दाराच्या चौकटीला लावला, उतरताना त्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून. रोज लावायचो तसा. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाडीची डावी बाजू किंचित खाली दबली, आणि सावकाश वर आली. आतलं वजन उतरलं की स्प्रिंग जशी वर येते तशी.

मी तसाच उभा राहून एका हाताने फोन लावला. ताईने उचलला.

"दोनदा नाही, ताई. नऊ वेळा. आठ पूर्ण, नववा अर्धा राहिला."

"तू मोजत होतास," ती म्हणाली.

"हो."

"आहेस तिथेच थांब. येते मी परत."

माझ्या मागे जिन्यात पाऊल वाजलं. एक पायरी, मग विसावा. दुसरी पायरी, विसावा. कठड्यावर अंगठी घासल्याचा आवाज, बाबांची घासायची तसा. शेजाऱ्याने पाय आवरून घेतले, कोणाला तरी वाट द्यावी तसे, आणि पुन्हा वाचायला लागला. आवाज माझ्या मजल्यापर्यंत गेला. दार मी उघडंच टाकून आलो होतो. वर टेबलापाशी खुर्ची सरकली.

मी वळून पाहिलं नाही. गाडीचं दार उघडं धरून उन्हात उभा राहिलो. ताई कोपऱ्यावरून यायला चार मिनिटं पुरतात, मला माहीत होतं. चार झाली, दहा झाली. हात भरून आला. कोणी मुद्दाम उशीर करत असेल तर असंच वाटत असणार, हे मला तिथे कळलं. घड्याळ मनगटावर समोरच होतं.

ताई आली तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. तिला धाप लागली होती. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, ओल्या काचेकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि तिथे तिची नजर थांबली. तिच्या हातात मेडिकलची कागदी पिशवी होती. पाकीट फोडलेलं दिसत होतं, एक गोळी तिथेच घेतलेली. हात थरथरत होता, पण पिशवी तिने घट्ट धरली होती.

"रांग होती," ती म्हणाली.